अनसूयाबाईंची मूळरेखा

प्रयोगशाळेच्या भिंतीवर नऊ पडदे होते. नवांवरही चित्रपटातला एकच प्रसंग चालू होता, तरी एकावरचे दृश्य दुसऱ्यासारखे नव्हते. पहिल्या पडद्यावर कोल्हापूरच्या एका तालमीतला आचारी भिकोबा, कुस्ती हरून आलेल्या पैलवानाच्या ताटात तिसरी भाकरी टाकत ओरडत होता, "पाठीला माती लागली म्हणून पोट रुसतं व्हय रं?" चौथ्या पडद्यावर, एस्टोनियासाठी केलेल्या आवृत्तीत, तोच भिकोबा फिकट डोळ्यांचा एक उंच म्हातारा झाला होता आणि काळ्या पावाची ताटली दोन बोटांनी पुढे सरकवत होता. तोंडातून शब्द नाही. सातव्यावर, जपानसाठी, तो पैलवानाकडे पाठ करून भाताच्या भांड्याचे झाकण नुसते काढून ठेवत होता.

प्रत्येक पडद्याखाली एक हिरवी रेघ सरकत होती. नऊ रेघा एकाच क्षणी चढत होत्या आणि एकाच क्षणी उतरत होत्या.

"माझा भिकोबा बडबड्या आहे हो, डॉक्टरीणबाई," दिग्दर्शक आबासाहेब इंगवले म्हणाले. हे त्यांनी आजवर दहा वेळा तरी म्हटले असेल. "तिकडं नेऊन तुम्ही त्याला मुका केलात."

"तिकडे पाहुण्याला फार आग्रह केला की तो अवघडतो," डॉ. विभावरी कोडोलीकर शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या रेघेत संकोच उमटतो. आपल्याला त्याच्या मनात संकोच हवा आहे की माया? माया हवी असेल तर शब्द काढायला लागले."

"आणि पूर्वी कसं चालायचं? खाली अक्षरं टाकायची आणि द्यायचा पाठवून."

"चालायचं कुठे? बोलणं कळायचं, पण लोक हसायचे भलत्याच ठिकाणी आणि उठून जायचे भलत्याच ठिकाणी. कारण आपण वस्तू पाठवत होतो आणि पाठवायचं होतं त्या वस्तूमुळे होणारं काहीतरी." विभावरींनी पहिल्या पडद्याखालच्या रेघेवर बोट ठेवले. "ही मूळरेखा. इथल्या एका माणसाला चित्रपट दाखवायचा. श्वास, ठोके, बुबुळं, त्वचेचा ओलावा, पोटाच्या नसा, सगळं टिपायचं. मग समस्पंद यंत्र तिकडच्या प्रेक्षकासाठी चेहरे, वस्तू, वेग, शांतता बदलत राहतं. कधीपर्यंत? तर त्याच्या शरीराची रेघ या रेघेवर बसेपर्यंत."

"पण एकाच माणसाची का? शंभरांची घ्या की."

"शंभरांची सरासरी घेतली होती पहिल्या वर्षी. सरासरी माणूस धड हसत नाही आणि धड रडतही नाही, आबासाहेब. एकच माणूस लागतो, पण नितळ मनाचा. म्हणून तर अनसूयाबाई."

अनसूयाबाई साळोखे यांनी चाळीस वर्षे चित्रपटांचे संकलन केले होते. समोर चित्र असले की त्यांचे मन दुसरीकडे जात नसे. त्यांची रेघ इतकी स्वच्छ येई की यंत्राला ती दुरुस्त करावी लागत नसे. भिकोबाच्या चित्रपटाची मूळरेखा त्यांचीच होती, माघात टिपलेली. आता चैत्र चालू होता आणि आठ देशांत मिळून एकवीस हजार लोकांनी तो चित्रपट पाहिला होता.

तेवढ्यात ताल्लिनहून हेलीचा संपर्क आला. हेली तिकडच्या वितरणाचे काम पाहत असे. दुभाषी यंत्राने तिला पुणेरी मराठी दिली होती आणि आबासाहेबांना त्याचा मनापासून राग होता.

"मी तिसऱ्यांदा कळवते आहे," हेली म्हणाली. "माझे वडील चार दिवस जेवलेले नाहीत."

"आजारी आहेत का?"

"नाही. दूध पितात, सफरचंद खातात, उकडलेला बटाटा उभ्याउभ्या खातात. टेबलाशी बसत नाहीत. सूप आणि पाव समोर ठेवला तर म्हणतात, अजून नाही. अजून नाही म्हणजे कधी, ते त्यांना सांगता येत नाही. संध्याकाळ झाली की खिडकीत जाऊन उभे राहतात, परत येतात, पुन्हा जातात. झोप नाही."

"चित्रपट पाहिल्यापासून?"

"पाहिल्यापासून. आणि ते एकटे नाहीत. इथल्या चित्रपटगृहाशेजारचा खानावळवाला म्हणतो, लोक येतात, मागवतात, शेंगदाणे खातात आणि ताट तसंच ठेवून निघून जातात." हेलीचा आवाज बारीक झाला, तो बारीकपणा मात्र दुभाष्याने तसाच ठेवला. "वडिलांच्या हृदयाच्या ठोक्यांची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. मी दिली तर म्हणतात, जेवण कुठे झालंय? ते आयुष्यभर रेल्वेत होते. जे लिहिलं असेल ते तसंच करतात. डॉक्टर म्हणाले, गोळी आणखी दोन दिवस चुकली तर मी काही सांगू शकत नाही."

तिने पडद्यावर वडिलांना दाखवले. कालेव, वय चौऱ्याहत्तर. डोक्यावर घरातही टोपी. ते खिडकीपाशी उभे होते आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते, फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे.

विभावरींनी मूळरेखा पहिल्यापासून तपासली. भूक? पोटाची रेघ भरल्या पोटाची होती. टिपणापूर्वीचा प्रश्नांचा तक्ता काढला. 'गेल्या तीन तासांत काही खाल्ले आहे का?' उत्तर : होय.

"जेवणावरचा सिनेमा आहे," आबासाहेब म्हणाले. "अन्नावरची वासना चाळवणारच."

"चाळवली असती तर ते जेवले असते."

शेवटी अनसूयाबाईंनाच बोलावले. त्या पायऱ्या सावकाश चढून आल्या, पदर सावरून खुर्चीत बसल्या आणि हेलीचे सांगणे त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"फळं चालतात," त्या हळूच म्हणाल्या. "दूध चालतं, बटाटा, शेंगदाणे चालतात. जेवण चालत नाही. आणि संध्याकाळी आभाळाकडे डोळे." त्यांनी डोळे उघडले. "डॉक्टर, माझं चुकलं हो. त्या दिवशी संकष्टी होती."

विभावरींनी तक्ता पुन्हा समोर ओढला.

"अहो, पण तक्त्यात तुम्ही खाल्लंय असं लिहिलंत!" विभावरी म्हणाल्या.

"खाल्लंच होतं की. खिचडी खाऊन आले होते. तुम्ही जेवलात का असं कुठं विचारलं होतं?"

आबासाहेब कपाळावर हात मारून हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले.

"सांगायचं तरी, काकी."

"व्रत सांगत फिरायचं नसतं, आबा. सवयच नाही ती."

विभावरी फळ्याकडे गेल्या. त्यांना विचार करताना उभे राहावे लागे. "म्हणजे मूळरेखेत भूक नाही. वाट पाहणं आहे. पोट भरलेलं, पण दिवस अजून पुरा व्हायचा आहे. यंत्राला हे चित्रपटातलंच वाटलं. त्याने आठही देशांत ते इमानाने उतरवलं. तिकडे 'जेवण' म्हणजे ज्याला जे वाटतं, ते त्याला नको झालं. आणि आपण टिपण संपवलं दुपारी चारला. चंद्रोदय किती वाजता होता?"

"नऊ वाजून काही मिनिटं."

"म्हणजे सुटका टिपलीच नाही. अपुरी राहिलेली गोष्ट मन सोडत नाही. हे तर कुठलाही विद्यार्थी सांगेल. एकवीस हजार लोकांचा उपास आपण सुरू करून दिला आणि सोडायचा कसा ते पाठवलंच नाही."

"मग चंद्र दाखवा त्यांना," आबासाहेब म्हणाले.

"चंद्र त्यांना दिसतोच आहे. त्यांच्या अंगात वाट पाहणं आहे, कुणाची ते नाही. आपल्याला अनसूयाबाईंचं उपास सोडणं टिपून पाठवावं लागेल. ते त्याच वाट पाहण्यावर बरोबर बसेल. पुढची संकष्टी कधी?"

"सतरा दिवसांनी," अनसूयाबाई म्हणाल्या.

पडद्यावर कालेव पुन्हा खिडकीकडे वळले होते.

"उद्या मुद्दाम उपास केलात तर?"

"करीन. पण उपयोग व्हायचा नाही. नुसतं न जेवणं आणि वाट बघणं वेगळं. तुमचं यंत्र फसत नाही म्हणता ना?" असे म्हणून त्या उठल्या आणि जाताना पडद्यासमोर क्षणभर थांबल्या. कालेव यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहून त्यांनी हात जोडले. बघणाऱ्यांना ते जाण्याआधीचे नमन वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "लावा तुमच्या पट्ट्या."

विभावरींनी मनगटाला, मानेला, पोटाला स्पर्शपट्ट्या लावल्या. रेघ पडद्यावर आली आणि त्या बघतच राहिल्या. माघातल्या रेघेवर ती ठेवली, तर ती तंतोतंत बसली. फक्त तिच्यापेक्षा खोल होती.

"हे कसं झालं? आज तर कुठलीच तिथी नाही."

"काल इथून जाताना नेम धरला. तो तिकडचा माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. सकाळी दूध घेतलंय, काळजी करू नका."

विभावरींचा चेहरा उजळला आणि तितक्याच वेगाने उतरला. त्या खुर्चीत बसल्या.

"अनसूयाबाई, तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? कालेवांच्या अंगात तुमचं वाट पाहणं आहे. तुम्ही जेवलात की ते सुटतील आणि जेवतील. आणि तुम्ही कधी जेवणार? ते जेवल्यावर."

"अरे देवा," अनसूयाबाई म्हणाल्या. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता.

"नेम मोडता येत नाही?"

"मोडता येतो. पण मोडला तर तो सुटला असं होत नाही ना, डॉक्टर. तुमच्या रेघेत मोडल्याचंच दिसेल. आणि तेच तिकडे जाईल, त्यांच्या घशाखाली."

हे अगदी खरे होते. विभावरींनी तासभर कागदावर चौकटी आखल्या, बाण काढले, खोडले. प्रत्येक बाण फिरून पहिल्या चौकटीत येई. ताल्लिनहून हेलीने कळवले, वडिलांचे ठोके सकाळपासून अडखळताहेत, रुग्णवाहिका सांगून ठेवली आहे, पण दवाखान्यातही ते जेवणार नाहीत आणि गोळी बळजबरीने दिली तर थुंकून टाकतील.

आबासाहेब इतका वेळ येरझारा घालत होते. ते एकदम थांबले.

"डॉक्टरीणबाई, गावजेवणात पंगत बसते तेव्हा पहिला घास कोण घेतं?"

"मला काय ठाऊक?"

"कुणीच नाही. सगळ्यांना वाढून होतं, देवाचं नाव होतं, आणि मग पंगत जेवते. पंगत! माणूस नव्हे. काकी, खोटं बोलतोय का मी?"

अनसूयाबाईंनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "पंगतीचं जेवण एकच असतं. त्यात आधीचं आणि नंतरचं नसतं. हे नेमात बसतं."

"पण कालेव त्यांच्या आवृत्तीतल्या म्हाताऱ्याला ओळखतात, तुम्हाला नाही," विभावरी म्हणाल्या. "तुमचं त्याच्यात रूपांतर करायला यंत्राला सहा तास लागतात."

"सहा तास आहेत का आपल्याकडं?" आबासाहेबांनी विचारले. "रूपांतर कशाचं करायचं आता? अर्धं त्यांच्या अंगात आहेच की."

दुपारी दीड वाजता, ताल्लिनमध्ये अकरा वाजले असताना, पंगत बसली. कोल्हापुरात तिघे, ताल्लिनमध्ये दोघे, मध्ये पडदा. इकडे उपाहारगृहातून आणलेले वरण-भात, लिंबाची फोड, मटकीची उसळ. तिकडे बीटाचे सूप आणि काळा पाव. कालेव टेबलाशी बसायला तयार नव्हते. हेलीने त्यांना सांगितले की पलीकडच्या आजीही चोवीस तास जेवलेल्या नाहीत, तुमच्यासाठी. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि खुर्ची ओढली.

"वाढून झालं का सगळ्यांचं?" आबासाहेबांनी तालमीत घुमावा तसा आवाज लावला. "हेलीबाई, तुमच्या ताटात पाव कुठाय? घ्या, घ्या. आता हात जोडा."

अनसूयाबाईंनी हात जोडले. कालेव यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग दोघांचे हात निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. अनसूयाबाई त्यांच्या चमच्याकडे पाहत होत्या आणि कालेव त्यांच्या घासाकडे. विभावरींसमोरची रेघ ताणलेल्या तारेसारखी थरथरत होती. हेली रडकुंडीला आली.

"काय हे!" आबासाहेब ओरडले. "पंगतीत दुसऱ्याच्या ताटात बघतात होय? आपापल्या ताटात बघा!"

दुभाष्याने ते कोल्हापुरीतून एस्टोनियनमध्ये कसे नेले देव जाणे, पण दोन्ही माना खाली गेल्या. कुणाचा घास आधी तोंडात गेला हे नोंदीतही सापडले नाही. त्या दीड सेकंदात रेघ सरळ दरीत उतरावी तशी उतरली.

कालेव यांनी सूप संपवले, पाव संपवला, बशी पावाच्या तुकड्याने पुसली आणि मुलीकडे हात पसरून म्हणाले, "गोळी."

हेली टेबलावर डोके टेकून रडली. अनसूयाबाई दुसरा घास हातात घेऊन थांबल्या होत्या. त्या पडद्यातून तिला विचारत होत्या, "तुझं ताट तसंच आहे बाई. आणि बाकीच्या लोकांचं काय? त्यांना कोण वाढणार?"

रेघेच्या शेवटी एक बारीक थरथर राहिली होती, शून्यावर न टेकणारी. विभावरींनी ती पाहिली. पण एकवीस हजार माणसे खिडक्यांत उभी होती. 'इतकं चालतं,' असे म्हणून त्यांनी पंगतीची टिपलेली बारा मिनिटे यंत्रात घातली. संध्याकाळपर्यंत आठ आवृत्त्या तयार झाल्या. जुन्या प्रेक्षकांना घरोघरी पाठवल्या गेल्या आणि चित्रपटाच्या शेवटी कायमच्या जोडल्याही गेल्या. तीन दिवसांत आठही देशांतले लोक जेवू लागले. कालेव यांचे ठोके सुरळीत झाले.

महिन्याभराने अहवाल येऊ लागले, तेव्हा कुणालाही ती तक्रार वाटली नाही.

लिस्बनच्या एका खानावळीत प्रेक्षक ताटासमोर बसून राहिले आणि म्हणाले, आधी आचाऱ्याला बोलवा, त्याने खाल्लं का? आचाऱ्याने खाल्ल्यावर सगळे व्यवस्थित जेवले. पुढच्या गटानेही आचाऱ्याला बोलावले. आठवड्याभरात आचाऱ्याने काम सोडले. जपानमध्ये एकेकट्याने जेवण्यासाठी केलेल्या लाकडी कप्प्यांच्या मधल्या फळ्या गिऱ्हाइकांनी काढून ठेवल्या. ताल्लिनमध्ये कालेव रोज सकाळी पावाचे दोन तुकडे खिशात घालून रेल्वे स्थानकावर जात. कुणीतरी एक खाल्ल्याशिवाय दुसरा त्यांच्या तोंडात जात नसे.

"ती थरथर," विभावरी म्हणाल्या. "काय होती ती, अनसूयाबाई?"

"वाढणाऱ्याचं मन, डॉक्टर. दुसरं काय? पंगत जेवली तरी वाढणारीचा जीव जागेवर नसतो. कुणाचं राहिलं का, कुठं पान रिकामं आहे का. ती शेवटच्या पंगतीला बसते."

"म्हणजे आपण तिकडे पाहुणे पाठवले नाहीत," आबासाहेब हळूच म्हणाले, "सगळे यजमानच केले."

"काढून टाकू का ती? पण ती त्याच घासात आहे. ती काढली तर सुटकाही जाईल आणि लोक पुन्हा खिडकीत."

"असू दे की. आणखी चौदा देशांनी मागितलाय सिनेमा. एवढा कुठला गेला होता आपला?" आबासाहेब हसले. अनसूयाबाई हसल्या नाहीत.

"आबा," त्या म्हणाल्या, "शेवटची पंगत केव्हा बसायची, हे त्यांना कुणी सांगितलंय का? आमच्याकडं मांडवाला शेवट असतो. मोजकी माणसं असतात. त्यांच्या मांडवाला कनातच नाही."

पुढच्या चौदा आवृत्त्यांना मंजुरी देण्यापूर्वी विभावरींना मूळ चित्रपट, यंत्रातून काढून जोडलेल्या बारा मिनिटांसह, स्वतः पाहणे भाग होते. बुधवारी सकाळी त्यांनी तो पाहिला. त्यांच्या लक्षात काही आले नाही. दुपारी त्यांनी टेबलावर डबा उघडला आणि त्यांचा हात पोळीपाशी जाऊन थांबला.

सहायकाला विचारले. तो जेवला होता. पण नुसत्या सांगण्याने हात हलला नाही. झाकण लावून त्या खाली गेल्या, फाटकाबाहेर आल्या. रस्त्याच्या कडेला एक ट्रकचालक चाक बदलून नुकताच उभा राहिला होता.

"जेवलात का?"

"नाही मॅडम. का?"

"हात धुवा. बसा इथे."

तो आधी गोंधळला, मग डब्यातले पाहून बसला. त्याने पहिला घास घेतला आणि विभावरींच्या हाताला मोकळे वाटले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडापर्यंत नेला.

रस्त्याच्या पलीकडे तारा पुरण्यासाठी चर खणत होते. दहाबारा बायका-माणसे होती. त्यांतली एक कुदळ टेकून उभी राहिली आणि कपाळावरचा घाम पुसत सहज इकडे पाहू लागली.

विभावरींनी तुकडा परत डब्यात ठेवला. डब्यात दोन पोळ्या राहिल्या होत्या. त्या उठल्या आणि रस्ता ओलांडू लागल्या.